किल्ली कुणाकडं आहे?

आमच्या फाट्यावर एक लोखंडी सांगाडा उभा आहे. त्यावर बारा महिने कुठला ना कुठला फ्लेक्स टांगलेला असतो. मागं एकदा मी तिथं एस.टी.ची वाट बघत उभा होतो. एस.टी. काही येईना, म्हणून फ्लेक्सवरची डोकी मोजायला लागलो. एकतीस भरली. फ्लेक्स होता रक्तदान शिबिराचा. मधोमध पुढारी, त्याच्या खाली मंडळाचा अध्यक्ष, मग कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, मार्गदर्शक आणि आधारस्तंभ. आधारस्तंभ तर सहा होते. एवढे खांब आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीलाही नाहीत.

त्या शिबिरात रक्ताच्या पिशव्या भरल्या सव्वीस. फ्लेक्सवरच्या एकतीस जणांपैकी रक्त दिलेले चार. बाकीच्या बावीस पिशव्या ज्यांच्या अंगातून आल्या, त्यांचा फोटो कुठं नव्हता.

मी दुसऱ्याच्या घरावर दगड मारतोय असं समजू नका. त्या सहा खांबांपैकी एक मीच. माझंही रक्त त्या दिवशी कुणी घेतलं नाही. साठी ओलांडली आहे, साखर आहे, डॉक्टर नको म्हणाले. पण फोटो मात्र घेतला.

आमच्या गावात मंडळ निघालं 1983 साली. आमचा माणदेश दुष्काळी. घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि गावातली तीसबत्तीस माणसं ट्रंका घेऊन परत आली. मुंबईत ही माणसं गावकीच्या खोलीत राहायची. एका खोलीत वीस-वीस जण. तिथं त्यांचं ग्रामस्थ मंडळ असायचं. महिन्याला वर्गणी, महिन्याला सभा. कुणी आजारी पडला तर दवाखाना मंडळ बघायचं, कुणी मेला तर मयत गावाला पोचवायचं काम मंडळाचं. झाडलोट पाळीनं. पाळी आली की मुकादम असो नाहीतर बदली कामगार, हातात खराटा घ्यायचाच. ही शिस्त घेऊन ती माणसं गावात आली आणि रिकाम्या हातांनी बसवेना म्हणून त्यांनी इथंही मंडळ काढलं.

पहिल्या वर्षाच्या वर्गणीतून त्यांनी गणपती आणला नाही, भांडी आणली. जर्मनची मोठी पातेली, पराती, डाव, झारे, वगराळी, दोनशे ताटं. कारण गावातल्या गरिबाच्या पोरीचं लग्न निघालं की भांडी भाड्यानं आणायला तालुक्याला जावं लागायचं, आणि एक ताट हरवलं तर भाड्यापेक्षा दंड जास्त बसायचा. भांड्यांवर मंडळाचं नाव घालून घेतलं. त्याच्या जोडीला दुसरं सामान ठेवलं, मयताचं. कोरं कापड, सुतळी, बांबू, बत्ती आणि पावसाळ्यासाठी सुकी लाकडं. लग्न आणि मरण, दोन्ही वेळेला गरिबानं कुणाच्या दारात उभं राहू नये, एवढाच त्या मंडळाचा उद्देश. घटनेत कलमं बरीच होती, पण खरी कलमं ही दोनच.

हे सामान सांभाळायचा आमचा आप्पा. त्याचं पूर्ण नाव इथं लिहीत नाही, गाव त्याला आप्पाच म्हणायचं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. शाळा दुसरीपर्यंत. सही करताना पेन कुऱ्हाडीसारखं धरायचा. पण दोनशे ताटांपैकी एकशे नव्व्याण्णव परत आली तर रात्री न जेवता ते एक ताट शोधून आणायचा. भांडी परत येताना खरकटी आली तर घेणाऱ्याला चार शब्द सुनवायचा आणि मग स्वतःच घासत बसायचा. मयताची बातमी आली की घरचे रडायला सुरुवात करायच्या आत आप्पा बांबू घेऊन दारात. तेहतीस वर्षं हे त्यानं केलं. पैसा नाही, पद नाही.

आणि मी? मी 2002 साली मंडळाचा अध्यक्ष झालो. आमच्या वेळचा दहावी पास म्हणजे गावात लिहिता-वाचता माणूस. अर्ज लिहिता यायचा, तालुक्याला साहेबापुढं बोलता यायचं. पहिली दोन वर्षं मी खरंच राबलो. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान तेव्हा जोरात होतं. आम्हीही भाग घेतला. तपासणीची समिती येणार म्हणून चार दिवस सगळा गाव झाडून काढला, उकिरडे हलवले, भिंतींवर म्हणी लिहिल्या. समिती आली, गेली. आठव्या दिवशी उकिरडे आपापल्या जागी परत. भिंतीवरच्या म्हणी तेवढ्या राहिल्या. ज्यांच्या नावानं हे अभियान, ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि कीर्तन रात्री. आम्ही उलटं केलं. कीर्तन आधी, खराटा समिती येईल तेव्हा.

तिसऱ्या वर्षापासून मला खुर्चीची गोडी लागली. ती कशी लागते हे नीट सांगितलं पाहिजे, कारण लागताना कळत नाही. कुणाच्या लग्नात गेलं की माईकवरून नाव घेतात. शाळेच्या झेंड्याला बोलावतात. शाल मिळते, श्रीफळ मिळतं. माझ्या घरात एके काळी चौदा शाली झाल्या होत्या आणि थंडीत पांघरायची एकही नव्हती. दरवर्षी सभेत मी म्हणायचो, "आता दुसऱ्या कुणीतरी व्हा." माणसं म्हणायची, "तुमच्याबिगर कोण हाय?" दोघांनाही माहीत असायचं की मी खोटं विचारतोय आणि ते खोटं सांगतायत. असं चौदा वर्षं चाललं.

आप्पाला मी एकदाच विचारलं होतं, "काय आप्पा, होतोस का अध्यक्ष?" तेही हसत. तोही हसला. "मला काय करायचं त्ये," म्हणाला. मी धरून चाललो की ह्याला पद नको आहे. काम करणाऱ्या माणसाला पदाची हाव नसते, हे वाक्य मी नंतर कितीतरी भाषणांत वापरलं. लोक टाळ्या वाजवायचे. आज आठवतंय ते वेगळंच. वर्षाच्या सभेला आप्पा न चुकता इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. एरवी बंडीवर फिरणारा माणूस. दारापाशी बसायचा, सभा संपली की सतरंज्या गोळा करायचा आणि शर्टाची घडी मोडू नये म्हणून आधी तो काढून खुंटीला अडकवायचा.

2016 च्या ऑक्टोबरात आप्पा गेला. परतीचा पाऊस चालू होता. आमच्याकडं वर्षाचा पाऊस पडतो तो बहुतेक ह्याच दिवसांत आणि पडला की चारही बाजूंनी पडतो. पहाटे तीनला निरोप आला. मी धावलो. पन्नास माणसं पडवीत जमली. आणि मग सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. बांबू कुठं आहेत? सुकी लाकडं कुठं आहेत? कापड कुठं आहे? खोलीला कुलूप. किल्ली कुणाकडं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण अध्यक्ष मी. मी मोबाइल काढला. कुणाला लावायचा? अशा वेळी चौदा वर्षं मी ज्याला फोन लावत होतो, तो आत खाली पडलेला.

तास गेला, दीड तास गेला. एक जण म्हणाला, कुलूप तोडू. दुसरा म्हणाला, लाकडं तालुक्यावरनं मागवू. मी उभाच होतो. शेवटी आतून वहिनी आली. नवऱ्याच्या उशाशी बसलेली बाई, रडणं थांबवून उंबऱ्यापाशी आली आणि म्हणाली, "भावजी, लाकडं पडक्या वाड्याच्या पडवीत हाईत, प्लास्टिकखाली. कापड, सुतळी पत्र्याच्या पेटीत. किल्ली हितं देवळीत हाय, घ्या." एवढं बोलून परत जाऊन बसली.

आपल्या नवऱ्याच्या मयताचं सामान कुठं ठेवलंय, हे त्या बाईला आम्हाला सांगावं लागलं. माझ्या हयातीत मला इतकी शरम वाटलेली नाही.

तेराव्याला फाट्यावर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' आप्पाचा फोटो रेशनकार्डावरचा, मोठा करून धुरकट झालेला. मंडळाच्या फ्लेक्सवर तेहतीस वर्षांत त्याचा हा पहिला फोटो. आणि त्याच्या खाली 'शोकाकुल' म्हणून आम्ही सगळे, चांगल्या स्टुडिओत काढलेले, हसरे.

तेव्हापासून मला एक गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते. कुठल्याही मंडळाचा, क्लबचा, संस्थेचा मोठेपणा बघायचा असेल तर अध्यक्ष कोण हे विचारू नका. किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. आणि मग दुसरा प्रश्न विचारा, तो माणूस उद्या नसला तर किल्ली कुठं सापडेल? ज्या मंडळाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तिथं पुढारी आहेत पण पुढारपण नाही.

आता कुणी म्हणेल, हे खेडवळ मंडळांचं झालं, शहरातले सेवाभावी क्लब बघा, कसे शिस्तीत चालतात. बघितलेत. त्यांची एक शिस्त मला मनापासून आवडते, ती आधी सांगतो. रोटरी असो, लायन्स असो, अध्यक्ष एका वर्षाचा. एक जुलैला नवा माणूस. डॉक्टर असो, वकील असो, दुकानदार असो, वर्ष संपलं की उठायचं. रोटरीचं नावच मुळी त्यावरून पडलं म्हणे. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्रांना घेऊन सुरुवात केली तेव्हा सभा पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून फिरती, म्हणून रोटरी. हे मला कळलं तेव्हा आमच्या गिरणीवाल्यांची गावकीची खोली आठवली. पाळी! तीच गोष्ट शिकागोत आणि तीच लालबागला. मी चौदा वर्षं खुर्ची धरून बसलो तेव्हा ही पाळीच मोडली होती.

पण ह्या शिस्तीलाही एक भोक आहे आणि तेही मी अनुभवलं आहे. तालुक्याच्या अशाच एका क्लबानं, नाव सांगत नाही, 2013 साली आमच्या शाळेला पाण्याचा फिल्टर दिला. मोठा समारंभ झाला. पोरींनी स्वागतगीत म्हटलं, भिंतीवर दगडी पाटी बसवली, तिच्यावर त्या वर्षीच्या अध्यक्षांचं नाव. पोरं दोन महिने थंड, स्वच्छ पाणी प्यायली. फिल्टर वर्षातून एकदा आतून बदलावा लागतो. आमच्याकडचं पाणी क्षारांचं, त्यामुळं सहा महिन्यांतच तो बसला. गुरुजींनी पत्र लिहिलं. तोवर जुलै उलटून गेला होता. मी स्वतः गेलो. नव्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि फार सभ्यपणानं सांगितलं, "तो मागच्या वर्षीचा प्रकल्प आहे. आमचं यंदाचं काम वृक्षारोपणाचं आहे. तुमच्या शाळेला झाडं देऊ का?" झाडं मी आणली. त्या झाडांना घालायला पाणी नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. फिल्टरमध्ये आता गुरुजी खडूची खोकी ठेवतात. दगडी पाटी मात्र अजून घट्ट आहे.

म्हणजे बघा. आमच्यात खुर्ची हलत नाही म्हणून काम कुजतं. त्यांच्यात खुर्चीबरोबर कामही हलतं म्हणून ते अनाथ होतं. रोग दोन दिसतात, पण मूळ एकच. दोन्हीकडं काम अध्यक्षाचं मानलं जातं, संस्थेचं नाही. आमच्या मंडळात 'माझ्या काळात' झालेलं काम असतं, त्यांच्यात 'माझ्या वर्षात' झालेलं.

खुर्ची फिरती आणि काम स्थिर, हे जमतच नाही असंही नाही. पोलिओचंच बघा. रोटरीनं 1985 साली जगातून पोलिओ घालवायचं काम अंगावर घेतलं. त्यानंतर त्यांचे अध्यक्ष दरवर्षी बदलत गेले, गावोगावचे आणि जगाचेही. काम बदललं नाही. आपल्या देशात सरकार, आरोग्य खातं, जागतिक आरोग्य संघटना आणि घरोघर फिरणाऱ्या बायका ह्यांच्या जोडीनं ते चालूच राहिलं. तुम्हाला ते रविवार आठवत असतील. पोरांच्या करंगळीला शाई, बूथवर थर्मासचा निळा डबा, आणि बूथवर न आलेल्या पोरासाठी दुसऱ्या दिवशी दारात उभी असलेली अंगणवाडीची ताई. भारतातला शेवटचा रोगी सापडला 2011 च्या जानेवारीत, बंगालमध्ये. आणि 27 मार्च 2014 ला आपला देश पोलिओमुक्त ठरला. एकोणतीस वर्षं. एखादा अध्यक्ष म्हणाला असता की हा मागच्या वर्षीचा प्रकल्प आहे, तर आज आपल्या गल्लीत पाय ओढत चालणारी पोरं दिसली असती. माझ्या वर्गात अशी दोन होती.

आता माझ्यावर उलटे प्रश्न येतात, ते माहीत आहेत. चावडीवर ते मी ऐकतोच.

पहिला प्रश्न पैशाचा. ओळखीचा, वजनदार माणूस अध्यक्ष नसला तर निधी कोण आणणार? ह्यात थोडं खरं आहे. माझ्या ओळखीनं सभामंडप आला, हे मी नाकारत नाही. पण पैशानं वस्तू येते, ती सांभाळणारा येत नाही. सभामंडपाला दहा लाख आले आणि त्याच्या पत्र्याची गळती काढायला वर्षाला दोन हजार निघेनात, कारण गळती काढण्याचं उद्घाटन होत नाही. वजनदार माणसाला सल्लागार करा, दहा वेळा करा. किल्ली त्याच्याकडं देऊ नका.

दुसरा प्रश्न पोरांचा. आताची पोरं कामाला येत नाहीत, मोबाइलात तोंड घालून बसतात. हे म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुम्ही त्यांना कशाला बोलावता? खुर्च्या उचलायला, वर्गणी मागायला आणि मिरवणुकीत घोषणा द्यायला. हिशेबाची वही कधी त्यांच्या हातात दिली? ठराव कधी त्यांना लिहायला सांगितला? आपण म्हातारे दोन खुर्च्या अडवून बसलोय, एक स्टेजवरची आणि एक सभेतली. पोरगं उभं राहून राहून कंटाळतं आणि जातं. मग आपण म्हणतो, बघा, पळालं.

तिसरं बोलणं सगळ्यांत लबाड, आणि तेच मी वापरलं. 'काम करणाऱ्याला पद नकोच असतं.' कुणी सांगितलं? इस्त्रीचा शर्ट कुणासाठी होता मग? खालचं माणूस 'नको' म्हणतं तेव्हा ते आपलं वजन बघून म्हणत असतं. एकदा हसत विचारायचं आणि सुटायचं, ही विचारण्याची रीत नाही. सभेत उभं राहून, त्याच्या नावानं ठराव मांडून, आपण बाजूला होऊन विचारावं लागतं.

ते मी केलं, पण आप्पा गेल्यावर. 2017 च्या 26 जानेवारीला झेंडा झाला, ग्रामसभा झाली आणि तिथंच मंडळाची सभा बोलावली. मी राजीनामा दिला आणि अध्यक्ष म्हणून वहिनीचं नाव मांडलं. दोन मिनिटं कुणी बोलेना. मग हशा. एक जण म्हणाला, "बाईमाणूस अध्यक्ष? मग मिरवणुकीत म्होरं कोण नाचणार?" गंमत बघा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, हा कायदा आपल्या राज्यात 2011 साली झाला. आमच्या गावची सरपंचही तेव्हा बाईच होती. पण मंडळाला कायदा लागू नाही. पाचशे पानांचा महाप्रसाद बायका शिजवणार, भांडी बायका घासणार, आणि कार्यकारिणीत चौतीस वर्षांत एक बाई नाही. आप्पाला तर दोन ओळी लिहिता येत नव्हत्या. भांड्यांच्या वह्या होत्या त्या सगळ्या वहिनीच्या अक्षरातल्या. कुणी काय नेलं, कधी आणलं, काय फुटलं. हे मला त्या दिवशी वह्या उघडल्यावर कळलं. चौदा वर्षं मी त्या वह्यांखाली सही करत होतो आणि अक्षर कुणाचं हे कधी विचारलं नव्हतं.

वहिनी उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "हुईन मी अध्यक्ष. पर सभेचा च्या मी करणार न्हाई. त्यो ज्यानं त्यानं पाळीनं करायचा." कुणी हसलं नाही मग.

कागद बदलायला मी साताऱ्याला धर्मादाय कचेरीत गेलो. तिथं आणखी एक मुस्काटात बसली. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही तो कधी दिलाच नव्हता. सरकारदरबारी आमची कमिटी अजून 1983 चीच होती. त्यातला अध्यक्ष मरून नऊ वर्षं झाली होती, खजिनदार त्याच्याही आधी गेलेला. म्हणजे ज्या खुर्चीला मी चौदा वर्षं चिकटून होतो, ती कागदावर माझी नव्हतीच. मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर मी शाली गोळा केल्या.

पुढं सगळं सुरळीत झालं असं खोटं लिहीत नाही. त्याच उन्हाळ्यात पाण्याची स्पर्धा आमच्या तालुक्यात आली. पंचेचाळीस दिवस श्रमदान. गावानं डोंगरावर चर खणले, आणि पहाटे पाचला सगळ्यांत आधी डोंगर चढायच्या त्या वहिनीच्या बरोबरच्या बायका. फोटो ढीगभर निघाले. पण चर खणणं सोपं, दोन पावसाळ्यांनंतर गाळ भरतो तो काढणं अवघड. त्यासाठी कुणी स्पर्धा घेत नाही. वहिनीनं चराचे तुकडे पाडून घराघरांना वाटून दिले आणि वहीत नावं लिहिली. निम्म्या घरांनी गाळ काढला, निम्म्यांनी नाही. ज्यांनी काढला त्यांच्या खालच्या विहिरींना उन्हाळ्यात थोडं जास्त दिवस पाणी टिकतं. ज्यांनी नाही काढला त्यांची नावं वहीत आहेत, मिटवलेली नाहीत. त्यात माझ्या धाकट्या भावाचंही आहे.

वहिनी दोन वर्षांनी स्वतःहून उठली. त्यानंतर तीन अध्यक्ष झाले. एक चांगला निघाला, एक बरा, एक अगदीच कामचुकार. त्या कामचुकाराच्या वर्षी अकरा ताटं हरवली. पण दोन वर्षांनी तो बदलला आणि भांड्यांची खोली मात्र चालूच राहिली, कारण तिची वही आणि किल्ली अध्यक्षाबरोबर फिरत नाही. वही वहिनीकडं, तिच्या हाताखाली आयटीआय केलेलं एक पोरगं. किल्ल्या दोन. एक देवळीत, एक शाळेत. खोलीच्या दारावर आत कुठं काय आहे ते रंगानं लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरात. मध्यरात्री कुणाच्याही घरी दुःख झालं तर आता कुणाच्या बायकोला उंबऱ्यापाशी यावं लागत नाही.

तेव्हा माझ्यासारख्या गावोगावच्या, तालुक्या-तालुक्याच्या अध्यक्षांनो, आणि शहरातल्या सोसायट्यांच्या चेअरमन मंडळींनो, तुम्हीही ह्यातलेच, एवढं करा. दोन वर्षांवर खुर्चीत बसू नका. नवं काम उद्घाटनाला आणण्याआधी मागच्या तीन वर्षांची कामं कुठल्या हालतीत आहेत ते सभेत वाचून दाखवा. प्रत्येक कामापुढं एक नाव लिहा, आणि त्या नावाखाली शिकणाऱ्याचं दुसरं. खरकटी भांडी घासलेल्या माणसालाच अध्यक्ष करा, म्हणजे हुकूम सोडताना त्याला माहीत असेल काम किती वेळाचं आहे. आणि फ्लेक्स छापायचाच असेल तर रक्त दिलेल्यांचा छापा.

एस.टी.ची वाट बघत एकतीस डोकी मोजली असं मी वर लिहिलं. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. मोजायला लागायच्या आधी माझी नजर फ्लेक्सभर फिरत होती ती दुसरंच शोधत होती. माझा फोटो कुठं आहे, केवढा आहे, कुणाच्या शेजारी आहे. तो सापडला, उजव्या कोपऱ्यात खाली, शेवटून दुसरा. आणि मला वाटून गेलं, पूर्वी मधी असायचा.

खुर्ची सोडून इतकी वर्षं झाली तरी ही खोड अंगातून गेलेली नाही. तुमच्या अंगात ती असेल तर आत्ताच बघून घ्या. माझी मला पहाटे तीन वाजता, दुसऱ्याच्या पडवीत उभं राहिल्यावर कळली.